श्री अन्न, श्रीमंत ऊस

शेती शाश्वत कशी करावी यावर विचार करायचा तर आधी हॉटेल लागतं. हॉल थंडगार लागतो, कारण हवामानबदलावर घाम पुसत बोलता येत नाही. खुर्चीखुर्चीवर तागाची पिशवी लागते, पिशवीत रद्दी कागदाचं पेन लागतं आणि पेनाच्या बुडाशी तुळशीचं बी लागतं, म्हणजे शाई संपली की पेन मातीत खोचता येतं. शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटलीही असते. तिच्याकडे त्या दिवसापुरतं कोणी बघायचं नसतं.

मी अशा परिसंवादांना नेमाने जातो. भाषणं सगळीकडे तीच असतात, पण जेवण दर वर्षी सुधारतं. परवा पुण्यात ज्वारीचे टाको होते, बाजरीचा रिसोटो होता आणि नाचणीचं काहीतरी होतं, ज्यावर पुदिन्याचं एकच पान निजवलेलं होतं. प्रत्येक पदार्थापुढे पाटी. लोह, तंतू, ग्लुटेनमुक्त. रांग मात्र पलीकडे, गुलाबजामपाशी. रिसोटो वाढायला उभा असलेला पोरगा माढ्याकडचा निघाला. घरी ज्वारी करता का, म्हणून विचारलं. "करतो की. खाण्यापुरती हाय एकरभर. बाकी समदा ऊस." का रे बाबा? त्याने पळी खाली ठेवली आणि मी काय शिकलेला माणूस आहे याचा अंदाज घेतला. "उसाला कारखाना हाय की, सर. ज्वारीला कोण हाय?"

दोन दिवसांच्या चर्चेनंतर संध्याकाळी जो ठराव वाचून दाखवला, त्यात 'मूल्यसाखळी', 'भागधारक' आणि 'समग्र दृष्टिकोन' हे सगळं होतं. पोराचा प्रश्न नव्हता.

ज्वारीला कोणीच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ज्वारीला संयुक्त राष्ट्रसंघ आहे. मार्च २०२१ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवलं, ७२ देशांनी त्याला पाठिंबा दिला. आपण त्याआधीच, २०१८ साली, घरच्या घरी एक राष्ट्रीय वर्ष साजरं करून घेतलं होतं आणि राजपत्र काढून भरडधान्यांना 'पोषक तृणधान्ये' करून टाकलं होतं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांचं 'श्री अन्न' झालं. पाच वर्षांत दोन बारशी. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत खासदारांना भरडधान्यांचं जेवण घातलं. पुढच्या सप्टेंबरात जी-२० च्या पाहुण्यांच्या ताटात तीच धान्यं आली. अमेरिकेत राहणाऱ्या गायिका फाल्गुनी शाह यांनी तर चक्क पंतप्रधानांचं भाषण गुंफून भरडधान्यांवर गाणं केलं आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पुरस्कार हुकला. तो झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि त्यांच्या साथीदारांना गेला, तेव्हा देशाचं काही बिघडलं नाही. बाजरीचं काय झालं, ते विचारू नये. तिला गाणं मिळालं, गिऱ्हाईक राहिलं.

जीएसटी परिषदेनेही हातभार लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलं, की निदान ७० टक्के भरडधान्य असलेलं पीठ सुटं विकलं तर कर शून्य, आणि पिशवीत भरून लेबल लावून विकलं तर पाच टक्के. आधी अठरा होता, हे मान्य. पण बचत गटाच्या बायकांना आपण प्रत्येक प्रशिक्षणात काय शिकवतो? पॅकिंग करा, लेबल लावा, ब्रँड करा. त्यांनी केलं. आता पाच टक्के भरा.

महाराष्ट्र मागे कसा राहील? मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात सोलापूरला श्री अन्न उत्कृष्टता केंद्र जाहीर झालं. जागा अगदी योग्य. शाळू म्हणजे सोलापूर, मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. वर्ष सरायच्या आत ते केंद्र बारामतीला हलवण्याचा निर्णय झाला आणि सोलापुरात निषेध सुरू झाला. ज्वारीच्या नावाने सोलापूर तापलं ते भावावरून नाही, इमारतीवरून.

आता उसाकडे या. उसाचं कुठलंही आंतरराष्ट्रीय वर्ष आपण मागितलं नाही, उसावर गाणं नाही, राजपत्राने नवं नाव दिलेलं नाही. उसाकडे फक्त १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्क्यांनी व्याज. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. कारखानदार पैसे थकवतात, हे जगजाहीर आहे. पण थकले तर कोणाच्या दारात बसायचं, हेही जगजाहीर आहे. रस्ता अडवता येतो, काटा बंद पाडता येतो, आरआरसीची, म्हणजे महसुली वसुलीची, कारवाई मागता येते. त्यासाठी पुण्यात शिवाजीनगरला साखर आयुक्त बसतात आणि त्यांच्या इमारतीचं नाव साखर संकुल. कृषी खात्याच्या फलोत्पादनासारख्या कचेऱ्याही वर्षानुवर्षं त्याच इमारतीत आहेत. राज्याची फळबाग साखरेच्या छपराखाली. ज्वारी आयुक्त नावाचं पद अजून निघालेलं नाही.

ज्वारीला हमीभाव आहे. २०२५-२६ साठी मालदांडी ३,७४९ रुपये क्विंटल, संकरित ३,६९९, बाजरी २,७७५. कागदावर आकडा देखणा आहे. हिशेब मात्र एकराचा असतो. एकरी चाळीस टन ऊस धरा, तोडणी-वाहतूक कापून लाखभर रुपये हाती येतात. कोरडवाहू ज्वारी एकरी सहा-सात क्विंटल धरा, चोवीस-पंचवीस हजार. उसाला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते, कडबाही देते, हे सगळं खरं. पण पोरीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज कडब्यावर निघत नाही.

शिवाय तो चोवीस-पंचवीस हजारांचा आकडाही हमीभाव मिळाला तर. तो मिळतो कसा, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मोंढ्यात पोतं उसवलं, की खरेदीदार मूठभर दाणे घेतो, फुंकर मारतो, तळहातावर पसरतो, अंगठ्याने दोन दाणे बाजूला सारतो आणि म्हणतो, "डाग हाय." एवढ्या दोन शब्दांत पोत्याची किंमत उतरते. काढणीच्या तोंडावर पाऊस आला होता, त्याने दाणा काळा पडला, यात शेतकऱ्याचा गुन्हा काय, हा प्रश्न मोंढ्यात विचारत नाहीत. ज्याला हे सोसायचं नसेल त्याने सरकारी खरेदी केंद्रावर जावं. तिथे आधी ऑनलाइन नोंदणी. नोंदणीला सातबारा, सातबाऱ्यावर पीकपेरा, पीकपेऱ्यासाठी ई-पीक पाहणी, पाहणीसाठी बांधावर उभं राहून मोबाइलवर फोटो, आणि फोटो चढवायला रेंज. रेंज टेकडीवर असते, पीक खाली असतं. हे सगळं जमलं तर केंद्रावर माल 'एफएक्यू', म्हणजे सरासरी चांगल्या प्रतीचा, हवा, ओलावा बेताचा हवा. मालही जमला तर बारदाना संपलेला असतो. बारदाना आला तर गोदाम भरलेलं असतं. तोवर उधारीवाल्याचा फोन आलेला असतो आणि ज्वारी पुन्हा त्या तळहातावर पोचते.

एक खरं सांगायला हवं. चांगल्या साली मंगळवेढ्याच्या टपोऱ्या शाळूला बाजारातच हमीभावापेक्षा जास्त मिळतात आणि सरकारी केंद्राकडे कुत्रं फिरकत नाही. त्यावरून अधिकारी म्हणतात, बघा, हमीभावाची गरजच नाही. अहो, हमी वाईट सालासाठी असते. जावयाला दिवाळीत बोलावलं म्हणून तो आजारपणात उभा राहतो असं नाही.

ज्वारीला खात्रीचं गिऱ्हाईक मिळवून द्यायचा प्रयत्न महाराष्ट्र सरकारने एकदा मनापासून केला होता, हेही नोंदवून ठेवतो. २००७ साली. ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान द्यायचं ठरलं. भाकरीला नाही, बाटलीला. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. भरडधान्याच्या शेतकऱ्याच्या भल्याचं कारण तेव्हा पुढे केलं होतं. सरकारला ज्वारीचा शेतकरी आठवला तो असा, डिस्टिलरीच्या रांगेत.

आता कोणी म्हणेल, सरकारला अभ्यास नसेल. अभ्यासाची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पाण्याची आहे.

१९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने स्पष्ट लिहिलं, की हजार मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या भागात ऊस नको. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस त्याच्या जेमतेम निम्मा. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने कोणत्या जिल्ह्यात? सोलापूर. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहिलं, की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी त्याला जातं. हे लिहिलं कुठे, तर उसाचा भाव किती वाढवावा याची शिफारस करणाऱ्या अहवालात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर गर्दी, हार, घोषणा. ज्या जिल्ह्याला प्यायचं पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आणावं लागतं, त्या जिल्ह्यात उसाचे कारखाने कसे, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला आणि प्रश्न वाहून गेला.

२०१७ च्या जुलैमध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं केलं. तेव्हा राज्यात ९.४२ लाख हेक्टर ऊस होता आणि त्यातला २.२५ लाख हेक्टर ठिबकवर होता. दोन वर्षांत आणखी ३.०५ लाख हेक्टर ठिबकवर आणायचा होता. सक्ती हा शब्द वाचून कोणाचीही झोप उडाली नाही. सऱ्यांतून पाटपाणी अजून वाहतंच आहे. २०१९ साली औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी तर धीटपणाची कमाल केली. मराठवाड्यातल्या उसाला वर्षाला २१७ टीएमसी पाणी लागतं, तेवढ्या पाण्यात ३१ लाख हेक्टरवर डाळी आणि तेलबिया भिजतील, तेव्हा मराठवाड्यात ऊस बंदच करा, असा अहवाल त्यांनी सरकारला पाठवला. जायकवाडी काठोकाठ भरलं तर मृतसाठ्यासकट १०२ टीएमसीच्या आसपास. म्हणजे दोन जायकवाडी उसात जातात. अहवाल पोचला, स्वीकारला गेला असावा, जपून ठेवला गेला असावा. मराठवाड्यात ऊस आहे.

आणि २०२१ चा नीती आयोगाचा दस्तऐवज तर संग्रही ठेवावा असा. त्यात लिहिलं आहे, की उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. देशाच्या सिंचनाचं ७० टक्के पाणी ऊस आणि भात पितात, हेही त्यातच. दस्तऐवज कशाचा? पेट्रोलमध्ये इथेनॉल कसं वाढवायचं याच्या आराखड्याचा. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ वर आणलं आणि गाठूनही दाखवलं. एवढं मोठं हरित उद्दिष्ट आपण मुदतीच्या आधी गाठलं, ते गाडीच्या टाकीत ओतायचं होतं म्हणून. ताटात वाढायचं असतं तर समिती नेमली असती.

उसाच्या शेतकऱ्याला यात शिव्या घालणारी एक जमात पुण्या-मुंबईत आहे, तिच्यात मी नाही. चहात दोन चमचे साखर ढवळत ऊस बंद करा म्हणायला काय जातं? शेतकऱ्याने सरकारचं धोरण बरोबर वाचलं आहे. आयोगाचे अहवाल तो वाचत नाही, तो बघतो की माल कोण उचलतं आणि पैसे कोण देतं. माढ्याच्या त्या पोराच्या बापाने ज्वारी मोडून ऊस लावला, यात हाव कमी आणि वाचन जास्त आहे. १९८० च्या सुमारास राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरच्या पुढे होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरली आहे. एवढ्या लोकांनी एकाच वेळी एकच वाक्य चुकीचं वाचलं, असं होत नसतं.

संशोधनाचं म्हणाल तर ज्वारीच्या वाट्याला तेही आलं, फक्त अर्ध्या वाटेवर थांबलं. आपण ज्या मालदांडीचं कौतुक करतो, ती एम ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली जात. नव्वद वर्षं होत आली, चवीला आणि कडब्याला अजून तीच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती दिल्या. बाजरीत इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर धनशक्ती दिली, लोहाने भरलेली. परभणीच्या विद्यापीठाने २०१८ साली ज्वारीत परभणी शक्ती आणली, तिच्यात लोहही जास्त आणि जस्तही. दाण्यात लोह घालायचं काम शास्त्रज्ञांनी चोख केलं. तो दाणा पंडुरोगी बाईच्या ताटात घालायचं काम दुसऱ्या खात्याचं होतं.

आणि एक काम शास्त्रज्ञांनीही नीट केलं नाही. ज्वारीची काढणी. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात रब्बीची ज्वारी हाताने उपटायची असते, मुळासकट. माती कडक, ताट जाड, पानाच्या कडेने हात कापतात. मग पाचुंदे बांधायचे, कणसं मोडायची, मळणी, मग कडब्याची गंज. यातलं नऊ आणे काम बायका करतात. गव्हाला हार्वेस्टर येतो, धूळ उडवत, दुपारपर्यंत रान मोकळं. ज्वारीचा दाणाही हवा आणि कडबाही हवा, दोन्ही अख्खे. असं काढणारं यंत्र गावोगाव भाड्याने मिळत नाही. उसाला मात्र कृत्रिम बुद्धिमत्ताही मिळाली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उपग्रह आणि संवेदक उसाच्या मुळाशी किती ओल आहे ते सांगतात आणि त्याची वाहवा थेट सत्या नडेला यांनी केली. उसाचं पाणी त्याने वाचलं तर आनंदच आहे. पण बुद्धी कृत्रिम असली तरी तिला कुठल्या रानात आधी जायचं ते बरोबर कळलं.

काढणी झाली की भाकरी. भाकरी ही आरोग्यदायी आहे, असं परिसंवादात बोललेल्या सगळ्या पुरुषांना त्याच व्यासपीठावर परात, पीठ आणि कोमट पाणी द्यावं, आणि मग भरडधान्य प्रसाराची पुढची दिशा ठरवावी. थापताना चिरली तर ठराव मागे. घरोघरच्या बायका गव्हाकडे वळल्या त्याला चव हे एकच कारण नाही. पोळी लाटून डब्यात घालता येते, दुपारपर्यंत मऊ राहते, आणि शेतातून आल्यावर चुलीपुढे दहा भाकरी थापायचा जीव नसतो. यावर कोणत्या विद्यापीठात किती संशोधन चालू आहे, ते विचारून बघा.

बरं, गहू येतो कुठून? रेशनमधून. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तिन्ही धान्यं होती. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक रुपया. जानेवारी २०२३ पासून, म्हणजे नेमकं भरडधान्य वर्ष उजाडलं त्या दिवसापासून, सगळं फुकट. आपल्याकडे त्या दुकानाच्या फळीवर मुख्यतः गहू आणि तांदूळ असतो, ज्वारी अधूनमधून पाहुण्यासारखी येते. गव्हाचं पोतं पंजाब-हरियाणातून येतं, तिथलं भूगर्भातलं पाणी उपसून. सांगोल्याच्या वाडीत, जिथे तीनशे वर्षं ज्वारी खाल्ली, तिथे पंजाबच्या पाण्याचा गहू फुकट मिळतो. आणि शाळूचं निवडक पोतं पुण्यात कोथरूडला जातं, कारण साहेबांची साखर वाढली आहे आणि डॉक्टरांनी गहू बंद सांगितला आहे. पिकवणाऱ्याला गहू, पचवू न शकणाऱ्याला ज्वारी. एवढी कार्यक्षम वाटपव्यवस्था कुठल्याही आराखड्याशिवाय उभी राहिली, हे विशेष.

याला उपाय नाही, असं म्हणाल तर तसंही नाही. तो कोणी परदेशातून आणायचा नाही. ओडिशाने २०१७ साली मिलेट मिशन सुरू केलं. सुरुवात आदिवासी पट्ट्यातून, नाचणीपासून, तिथे तिला मंडिया म्हणतात. तिथल्या सरकारने नाचणी आधी हमीभावाने विकत घेतली. मग ती रेशनवर दिली, अंगणवाडीत पोरांना तिचे लाडू दिले. घरात खाण्याची सवय परत यावी म्हणून गावात कार्यक्रम केले, ते खरेदीच्या जोडीला, खरेदीऐवजी नाही. कर्नाटकानेही नाचणी आणि ज्वारी रेशनच्या दुकानात नेली. शेजारचं राज्य आहे, सोलापूरच्या एसटी स्टँडवरून विजापूरची गाडी लागते.

पाण्याच्या बाजूलाही उत्तर घरातच आहे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअर नको, असं स्वतःवर बंधन घालून घेतलं. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग काय पेरायचं ते ठरवायचं. गावाला हे वळण लावणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. गाव बघायला राज्यभरातून शिष्टमंडळं येतात, बांधाशी उभं राहून फोटो काढतात, जेवून जातात, आणि आपल्या तालुक्यात परतल्यावर कारखान्याची गाळपक्षमता वाढवून द्या म्हणून निवेदन देतात.

मंत्र्यांना, आमदारांना अभ्यासदौऱ्याची आवड असते, ती मोडू नये. फक्त या खेपेला इस्रायल आणि ब्राझील सोडून ओडिशातल्या कोरापुटला जा. तिथे ठिबक नाही, समुद्रकिनारा नाही, खरेदीची वातानुकूलित दुकानं नाहीत. नाचणीचं खरेदी केंद्र आहे. काट्यावर नाचणी कशी मोजतात, पैसे किती दिवसांत खात्यावर येतात आणि तीच नाचणी रेशनच्या दुकानात कशी पोचते, एवढं बघून या. सगळा दौरा एका पानावर मावेल.

वाचकांना मात्र वेगळं काम देतो. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल. त्यात शाश्वत हा शब्द असेल, श्री अन्न असेल, एखादं नवं केंद्र असेल, एखादं अभियान असेल. ते सगळं सोडा. त्यात एकच आकडा शोधा: सरकार यंदा किती क्विंटल ज्वारी-बाजरी शेतकऱ्याकडून विकत घेऊन रेशनवर आणि अंगणवाडीत देणार. सापडला तर पान क्रमांकासह कळवा, पुढच्याच आठवड्यात या जागी छापतो.